आमचा गाण्याचा क्लास आणि माझ्या चाली : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली २६ वर्षं मी ठाण्यात नौपाड्यात गाणं शिकवतेय आणि त्याहून थोडी जास्त वर्षं चाली लावतेय. पालक, विद्यार्थी, नाटकवाली मुलं, कविता घेऊन येणारी मंडळी, सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि दारात चपला घालता घालता मी दिलेली उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. काही उत्तरं लांबलीयत कारण तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ताई, तुम्ही नक्की काय करता? गाता, शिकवता की संगीत देता?

शिकवते आणि चाली लावते. स्टेजवर फारशी गात नाही. एकांकिका, बालनाट्य, शाळांची गीतं, कवितावाचनाचे कार्यक्रम, भजनी मंडळांसाठी अभंग, असं माझं काम असतं. सिनेमा एकही केलेला नाही. लोकांना ही दोन कामं वेगळी वाटतात पण माझ्यासाठी ती एकच आहेत, कारण चाल लावताना माझ्या डोळ्यासमोर नेहमी एक गळा असतो, कुणाचा तरी खराखुरा, आठ वर्षांच्या मुलीचा नाहीतर वाशीच्या बॅचमधल्या ६८ वर्षांच्या काकूंचा, आणि तो गळा कुठे मोकळा होतो कुठे अडतो हे मला शिकवताना कळतं. शिकवणं बंद केलं तर माझ्या चाली महिन्याभरात खोट्या व्हायला लागतील असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कशी झाली?

आजोबांच्या पेटीपासून. ते कोपरीत भजनाला साथ करायचे, दर गुरुवारी, आणि मला मांडीशी बसवून भाता मारायला लावायचे. मी भाता मारायचे आणि ते दोन्ही हातांनी वाजवायचे, आणि भाता कमीजास्त झाला की सूर कसा दबतो ते मला सा रे ग म कळायच्या आधी कळलं. पुढे रीतसर गाणं शिकले, विशारद झाले, बी.कॉम. पण केलं आणि चार वर्षं अकाउंट्सची नोकरी केली. कॉलेजात असताना एकांकिकेला संगीत द्यायला कुणी मिळेना म्हणून मला बसवलं, तिथे पहिली चाल लावली. ती फार वाईट होती, तान घालायची हौस इतकी की बिचाऱ्या नटाला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. प्रयोगात तो मधेच थांबला, आणि त्या थांबण्याचं कारण माझी चाल आहे हे मला विंगेत उभं राहून कळलं. नोकरी सोडून शिकवायला लागले तेव्हा घरच्यांना काळजी वाटली होती, आईला सोडून. आई म्हणाली, आधी दहा मुलं जमव मग बोलू. अकरा जमली.

चाल कशी सुचते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझ्याकडे चाल सुचते कमी आणि सापडते जास्त, आणि सापडते ती शब्दांमधेच.

कविता आली की मी ती स्वतःच्या हाताने वहीत उतरवते, मग सुराशिवाय मोठ्याने वाचते, वीस-पंचवीस वेळा, स्वयंपाक करताना, चालताना. वाचताना आपोआप कुठे थांबतो, कुठला शब्द जड होतो, कुठे आवाज वर जातो, ते पेन्सिलीने खुणा करून ठेवते. तोपर्यंत तानपुरा लावतच नाही. मग मीटर, म्हणजे वृत्त, बघते.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. मुलांसाठी पावसाळा संपतानाचं एक गाणं केलं होतं, त्याची पहिली ओळ ‘ढगांची मिठी सैल झाली अखेरी’. हे भुजंगप्रयात वृत्त आहे, समर्थांचे मनाचे श्लोक ज्यात आहेत तेच. लघु-गुरु-गुरु (एक, दोन, दोन) असा पाच मात्रांचा गट आणि तो चार वेळा, म्हणजे ओळीला २० मात्रा, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाची बरोब्बर दोन आवर्तनं. आता ‘ढ’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवून गायलात तर झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन या विभागांशी शब्द भांडतात, तिसरी मात्रा ‘गां’च्या पोटात येते. पण ‘ढ’ आधीच्या आवर्तनाच्या दहाव्या मात्रेवर उचलला की ‘गां’ समेवर पडतो आणि मग ‘गां’ दोन, ‘चीमि’ तीन, ‘ठी’ दोन, ‘सैल’ तीन, एकेक अक्षर आपल्या खणात जाऊन बसतं. हे मी कुणाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या क्लासमधली सात वर्षांची एक मुलगी टाळ्या वाजवत ती ओळ म्हणत होती आणि तिने आपोआप ‘ढ’ टाळीच्या आधी घेतला. मी दोन दिवस डोकं लावून बसले होते.

मग पहिली चाल बाजूला ठेवते. बहुतेक वेळा ती आधी ऐकलेल्या कुठल्यातरी गाण्याची सावली असते. दुसरी किंवा तिसरी आपली असते.

गाण्यात शब्दांना एवढं का धरून बसता? सूर चांगला असला की झालं ना?

नाही होत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बदललं की अर्थ बदलतो. ‘दिन’ म्हणजे दिवस, आणि त्यातला ‘दि’ मी दोन मात्रा ताणला की तो ‘दीन’ झाला, म्हणजे गरीब, लाचार. ‘सुत’ ताणला की मुलाचा धागा झाला. ‘शिर’ ताणलं की डोक्याची नस झाली. ऐकणारा हे बोलून दाखवत नाही पण त्याच्या मनात कुठेतरी खट्टकन अडतं आणि गाणं निसटतं. तसंच ‘चंद्र’ मधला च आणि ‘चमचा’ मधला च, दोन वेगळे आहेत, आजकाल इंग्रजी शाळेतली मुलं दोन्ही एकसारखे म्हणतात, त्यांची चूक नाही, त्यांना कानावर पडलेलंच नसतं. ळ आणि ण पण. मी पहिले पंधरा मिनिटं कविता नुसती वाचून घेते, त्याला काही पालक ‘मराठीचा तास’ म्हणतात, म्हणोत.

आणखी एक, उंच सुरावर ‘ई’ किंवा ‘ऊ’ ठेवला की नवख्या गळ्याला तो चिमटल्यासारखा लागतो, तिथे ‘आ’ असला की गळा उघडतो. त्यामुळे तार षड्ज, म्हणजे वरचा सा, कुठल्या अक्षरावर द्यायचा हे मी आधी ठरवते आणि बाकीची चाल त्याच्या मागून येते.

अभंगाला चाल लावणं सोपं असतं का?

सोपं वाटतं. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, आणि चौथा चरण छोटा असतो म्हणजे तिथे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात मोकळी जागा उरते. ती मोकळी जागा टाळकऱ्यांची आहे. नवीन संगीतकार तिथे हार्मोनियमचा तुकडा भरतात आणि मग मंडळातल्या काकू म्हणतात की ‘आम्हाला हे म्हणता येत नाही हो’. ऐकावं त्यांचं. जो अभंग पन्नास माणसांना एकत्र म्हणता येत नाही तो मैफिलीत कितीही रंगला तरी मंडळात चालत नाही.

माझ्या मुलाला सूरच लागत नाही. त्याला गाणं जमेल का?

पालक हे मुलासमोर विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. प्लीज त्याच्यासमोर विचारू नका.

बहुतेक वेळा मुलाचा कान नीट असतो, आपण दिलेला सूर चुकीचा असतो. माझा सा पांढरी पाचचा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा आहे, बऱ्याच बायकांचा काळी चार किंवा पांढरी पाच असतो, तो लहान मुलाच्या गळ्याला फार खाली पडतो, मूल बिचारं खाली उतरायचा प्रयत्न करतं आणि पुटपुटतं. पुरुष शिक्षक काळी एकने सांगतात तेव्हा तर एक अख्खं सप्तक खाली असतं, मुलाला कळत नाही नक्की काय पकडायचं. म्हणून मी उलट करते. मुलाला त्याच्या मनाने एक ‘आ’ म्हणायला लावते, जो येईल तो, आणि मी त्याच्या सुरात सूर मिळवते. दोन आवाज एक झाले की काय वाटतं ते त्याने एकदा अनुभवलं की पुढचं काम सोपं होतं. मग एक सूर वर, एक खाली. एका मुलाला यात पाच महिने लागले, तो आज कोरसमध्ये दुसरी ओळ सांभाळतो.

लहानांसाठी चाली मी सा ते ध एवढ्यातच बसवते, आणि सा साधारण काळी एक किंवा पांढरी दोन धरते. पाच-सहा सुरांत काय होणार असं वाटेल पण भूप रागात मुळात पाचच स्वर आहेत आणि त्यात माणसं तास तास गातात.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, आवाज फाटतोय. क्लास बंद करू का?

अजिबात नको. साधारण १२ ते १५ या वयात मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, स्वरयंत्र वाढतं, त्यात लपवायचं काही नाही. या काळात जोर लावून वर गायचं नाही, स्पर्धा नकोत, मधल्या चार-पाच सुरांत हळू गायचं, आणि बाकी वेळ तबला, पेटी, नोटेशन (सूर लिहिणं-वाचणं), ऐकणं. या वयात सोडलेली मुलं सहसा परत येत नाहीत. पट्टी दर दीड-दोन महिन्यांनी नव्याने बघावी लागते एवढंच.

तुम्ही सुरुवातीला हार्मोनियम का देत नाही? तुम्ही स्वतः तर पेटीवरच शिकलात!

बरोबर आहे, आणि पेटी माझं पहिलं प्रेम आहे, म्हणूनच तिच्या मर्यादा सांगते. पेटीचे बारा सूर समान अंतरावर ट्यून केलेले असतात. तानपुऱ्याच्या नादातून जो शुद्ध गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो त्यापेक्षा पेटीचा गंधार साधारण १४ सेंट चढा असतो, एक सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. कोमल गंधार उलट उतरलेला असतो. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. याच सगळ्या वादातून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत होती, म्हणजे एकतीस वर्षं! मला ती बंदी अन्यायाची वाटते, आपलं अख्खं नाट्यसंगीत आणि भजन पेटीच्या आधाराने उभं राहिलंय. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या २२ सूक्ष्म सुरांची, हार्मोनियम बनवली, त्यामागेही हीच तळमळ आहे. तर माझ्याकडे पहिलं वर्ष फक्त तानपुरा, मोबाईलवरचं ॲप चालेल, पण छोटा का होईना स्पीकर लावा, फोनच्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा जड सूर, ऐकूच येत नाही. कान बसला की पेटी हातात देते आणि मग मुलं स्वतःच सांगतात, ‘ताई हा ग थोडा टोचतो’. तो दिवस माझा सणाचा असतो.

परीक्षांना बसवता का?

ज्यांना हवं त्यांना बसवते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद आणि अलंकार. वर्षातून दोन सत्रं असतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्या परंपरेतलं हे मंडळ, आणि त्यांची वास्तू आपल्या वाशीतच आहे, जरूर बघून या.

परीक्षेमुळे शिस्त लागते, दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू शकतात (त्याचे नियम शाळेतच विचारा), पण वर्षाला एक परीक्षा असं रेटलं की मूल राग ‘संपवत’ जातं. दोन परीक्षांमध्ये जमलं तर एक वर्ष रिकामं सोडा. त्या वर्षात मी त्यांना चाली लावायला लावते.

म्हणजे मुलांना कंपोझिंग शिकवता? या वयात?

हो! आणि या वयातच. पद्धत साधी आहे, चार ओळींची कविता, पाच सूर, आणि एक अट की कुठलाही शब्द तुटता कामा नये. मुलं जे काही गुणगुणतील ते मी भातखंडे पद्धतीने फळ्यावर लिहिते, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारला वर. स्वतःची चाल स्वतःच्या डोळ्यांनी लिहिलेली दिसली की त्यांना नोटेशन शिकवावं लागत नाही, ती मागून घेतात. एकाच कवितेच्या नऊ मुलांनी नऊ चाली लावल्या, मग प्रत्येकाने दुसऱ्याची गायची. जिथे दोन वेगळी मुलं एकाच जागी अडखळली तिथे चालीत गडबड आहे, गाणाऱ्यात नाही. हा नियम मी स्वतःलाही लावते, माझी प्रत्येक नवी चाल आधी क्लासमध्ये गाऊन घेते आणि मुलं अडली की घरी जाऊन बदलते.

संगीतकार आणि संगीत संयोजक यात फरक काय?

संगीतकार चाल करतो. संयोजक म्हणजे अरेंजर, कुठे बासरी, कुठे नुसता तबला, कुठे शांतता हे ठरवतो. छोट्या कामात मीच दोन्ही करते, मोठं असेल तर संयोजक घेते आणि त्याचं नाव पत्रिकेवर माझ्याइतक्याच अक्षरात छापायला सांगते.

ठाण्यात राहून संगीताचं काम होतं का? मुंबईत जावं लागत नाही?

रेकॉर्डिंगला कधीकधी जावं लागतं. पण ठाण्याला कमी समजू नका. जनकवी पी. सावळाराम इथे राहिले आणि ठाण्याचे नगराध्यक्षही होते, गीतकार नगराध्यक्ष असलेलं गाव आहे हे! पं. राम मराठे ठाण्याचे, त्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते, माझे कितीतरी मोठे गवई तिथेच समोर बसून ऐकून झालेत. गडकरी रंगायतन १९७८ चं, घोडबंदर बाजूला घाणेकर नाट्यगृह आलं. चैत्र पाडव्याच्या स्वागतयात्रेत आमची मुलं दरवर्षी गातात, कौपिनेश्वर मंदिराजवळ, तलावपाळीला, ढोलांच्या आवाजात त्यांचं गाणं बुडतं तरी गातात.

आणि माझ्या बऱ्याच चाली ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये झाल्यात. वाशीच्या बॅचला जाताना ठाण्याहून बसायला जागा मिळते, ऐरोलीपर्यंत नुसती ओळ घोळवते, कोपरखैरणेला काहीतरी लागतं, सानपाडा यायच्या आत फोनमध्ये गुणगुणून ठेवते. शेजारच्या बायका बघतात, आता ओळखीच्या झाल्यात, एकीने एकदा विचारलं ‘कालचं पुढे गेलं का?’

तुमचे आवडते संगीतकार?

श्रीनिवास खळे. ऐकताना वाटतं की आपणही गाऊ आणि गायला गेलं की कळतं प्रत्येक हरकत, म्हणजे सुरांची छोटी मुरड, शब्दाच्या पोटातून आलीय. वसंत प्रभू, त्यांच्या गोडव्यासाठी. यशवंत देव, कारण ते शब्दाला आधी विचारायचे. आणि बाबूजी, सुधीर फडके. गीतरामायणाची ५६ गाणी, १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली, आठवड्याला एक नवं गाणं, आणि प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेत कळेल असा. माझा कुणी विद्यार्थी ‘वेळ कमी होता’ म्हणाला की मी त्याला हे एवढंच सांगते.

चाल चोरीला गेली तर? कॉपीराइट वगैरे करता का?

हे मी अनुभवातून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाटकासाठी सहा गाणी केली, सगळं तोंडी ठरलं होतं, प्रयोग सुरू झाले आणि श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. पैसे अर्धेच मिळाले. पण जास्त लागलं ते नावाचं, प्रेक्षकात बसून स्वतःची चाल ऐकली आणि बाजूच्या माणसाला सांगूही शकले नाही.

तर तरुण मुलांनो नीट वाचा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, चाल केली की ती तुमची, पण तुम्ही केलीय हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून तारखेसकट रेकॉर्डिंग आणि नोटेशन ठेवा, स्वतःलाच ईमेल करा. हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही, ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असं लिहून घेतलं तरी. आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था, १९६९ पासूनची, ती रॉयल्टी गोळा करून वाटते, सभासद व्हा. मोठं काम असेल तर वकिलाला कागद दाखवाच, पाचशे-हजार वाचवू नका.

शाळांचे शिक्षक विचारतात म्हणून हेही सांगते, शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी गाणं सादर केलं आणि समोर फक्त शाळेतलेच लोक आणि पालक असतील तर कायद्याने त्याला मोकळीक आहे. त्याचा व्हिडिओ सगळीकडे टाकणं ही वेगळी गोष्ट झाली.

यावर घर चालतं का?

शिकवण्यावर चालतं. चालींचे पैसे कधी येतात, कधी उशिरा, कधी फक्त शाल-नारळ. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईवडिलांना स्पष्ट सांगते. तरुण संगीतकारांनी एक पक्की कमाई ठेवावी, मग ती शिकवणी असो वा नोकरी, म्हणजे वाईट कवितेला नाही म्हणता येतं.

आता एआय सेकंदात चाल लावून देतं. मग हे सगळं शिकायचं कशाला?

मुलांनी मला करून दाखवलं. ऐकायला गुळगुळीत होतं. पण त्याने ‘दिन’ला ‘दीन’ केलं होतं आणि आमच्या दहा वर्षांच्या मुलीनेच ते पकडलं. उद्या ते यंत्र हेही सुधारेल कदाचित. तरी माझ्यासमोर बसलेल्या मुलाचा आवाज गेल्या महिन्यात उतरलाय, आता त्याला मध्यमाच्या वर न्यायचं नाही, हे बघून चाल बदलायची तर त्याच्यासमोर बसावंच लागतं.

ऑनलाइन शिकवता का?

मोठ्यांना, एकेकट्याने, हो. मुलांना नाही. ऑनलाइनमध्ये दोघांना एकाच वेळी गाता येत नाही, आवाज मागेपुढे होतो, आणि लहान मुलं शिकतात ती बरोबर गाऊनच.

रियाज किती करायचा?

मुलांनी रोज १५-२० मिनिटं, मोठ्यांनी जमेल तेवढा पण रोज. रविवारी तीन तास आणि आठवडाभर काही नाही असं नको.

प्रवेश घ्यायच्या आधी येऊन बघता येईल का?

हो, शनिवारी सकाळची बॅच आहे तेव्हा या. मागे सतरंजी घातलेली असते तिथे बसा, फोन बंद ठेवा, आणि मुलाला ‘गाऊन दाखव’ म्हणू नका, त्याला नुसतं बसू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला तो ओठ हलवायला लागतो का ते मी लांबून बघत असते.